ॲन फ्रँक आणि तिची डायरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲन फ्रँकचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. लपून बसलेली ज्यू मुलगी, तिची डायरी आणि छळछावणीतला मृत्यू एवढं माहीत असतं. पुढचे प्रश्न मात्र मनात राहून जातात. विद्यार्थी, पालक आणि डायरी नुकतीच वाचून संपवलेले वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना एक धागा मुद्दाम धरून ठेवला आहे. ॲन ही लेखिका होती. तिने आपल्या वहीवर जाणीवपूर्वक मेहनत घेतली, आणि ती मेहनत समजून घेतल्याशिवाय तिची खरी ओळख होत नाही.

ॲन फ्रँक कोण होती?

पूर्ण नाव ॲनेलिस मारी फ्रँक. जन्म १२ जून १९२९, जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात. वडील ऑटो, आई एडिथ आणि तीन वर्षांनी मोठी बहीण मार्गोट. हिटलर १९३३ साली सत्तेवर आला आणि हे ज्यू कुटुंब नेदरलँड्समधल्या ॲमस्टरडॅमला निघून गेलं. पुढे तिथेही जर्मन फौजा आल्या. जुलै १९४२ ते ऑगस्ट १९४४ अशी दोन वर्षांहून थोडी अधिक ॲन आपल्या घरच्यांसोबत आणि आणखी चौघांसोबत एका इमारतीच्या मागच्या भागात लपून राहिली. तिथे तिने जे लिहिलं ते आज सत्तरहून अधिक भाषांत वाचलं जातं. १९४५ च्या सुरुवातीला जर्मनीतल्या बर्गन-बेल्सन छळछावणीत तिचा मृत्यू झाला. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती.

ती जर्मन होती की डच?

जन्माने जर्मन, पण चार-साडेचार वर्षांची असताना ॲमस्टरडॅमला आली. तिथल्या मेरवेडेप्लाइन या चौकात तिचं घर होतं. माँटेसरी शाळेत शिकली, मैत्रिणी तिथल्याच, आणि डायरी डच भाषेत. नोव्हेंबर १९४१ मध्ये नाझी सरकारने देशाबाहेर राहणाऱ्या जर्मन ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं, तेव्हापासून ती कोणत्याच देशाची नागरिक नव्हती. युद्ध संपल्यावर आपल्याला डच व्हायचंय, असं तिने एप्रिल १९४४ मध्ये लिहून ठेवलं आहे. ती इच्छा पुरी झाली नाही. कायद्याच्या दृष्टीने ती मरेपर्यंत बेवतनच राहिली.

फ्रँक कुटुंब वेळीच आणखी दूर का निघून गेलं नाही?

हा प्रश्न विचारताना नकळत दोष त्या कुटुंबावर जातो, म्हणून याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं. त्यांनी प्रयत्न केले, पुन्हा पुन्हा केले.

ऑटो फ्रँक हे पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात अधिकारी होते. ॲमस्टरडॅममध्ये त्यांनी मुरंबे आणि जॅम घट्ट होण्यासाठी लागणाऱ्या पेक्टिनचा व्यवसाय उभा केला, पुढे त्याला मसाल्यांची जोड दिली. १९३८ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या व्हिसासाठी अर्ज केला. हे अर्ज रॉटरडॅममधल्या अमेरिकी वकिलातीत होते. मे १९४० मध्ये जर्मन विमानांनी रॉटरडॅमवर बॉम्ब टाकले आणि त्या आगीत वकिलातीतली कागदपत्रंही जळाली. मग १९४१ मध्ये ऑटोंनी अमेरिकेतल्या आपल्या कॉलेजच्या काळातल्या एका वजनदार मित्राला पत्र लिहून मदत मागितली. मित्राने खटपट केली, पण अमेरिकेने नियम आणखी कडक केले आणि जर्मनव्याप्त भागातल्या अमेरिकी वकिलाती त्याच उन्हाळ्यात बंद झाल्या. शेवटचा मार्ग क्युबाचा. १ डिसेंबर १९४१ रोजी फक्त ऑटोंना क्युबाचा व्हिसा मंजूर झाला. दहा दिवसांनी जर्मनीने अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं आणि तोही रद्द झाला.

दारं बाहेरून बंद होती. त्या काळात निर्वासित ज्यूंना आसरा द्यायला बहुतेक देश तयार नव्हते, आणि या कुटुंबाच्या कथेतला हा भाग शाळेत फारसा सांगितला जात नाही.

डायरी कधी सुरू झाली? ‘किटी’ कोण?

१२ जून १९४२, तेराव्या वाढदिवशी. लाल-पांढऱ्या चौकटींच्या कापडाची बांधणी असलेली ती वही खरं तर मित्रमैत्रिणींच्या सह्या घेण्यासाठीची होती. ॲनने तिची डायरी केली. किटी ही काल्पनिक मैत्रीण. ॲनला आवडणाऱ्या मुलींच्या एका डच पुस्तकमालेत त्या नावाचं पात्र होतं. सुरुवातीला ती त्या मालेतल्या वेगवेगळ्या पात्रांना उद्देशून लिहीत असे, पुढे सगळी पत्रं किटीच्या नावे झाली. आपण कोणाशी बोलतोय हे एकदा ठरलं की लिहिणाऱ्याचा सूर सापडतो, आणि ॲनला तो फार लवकर सापडला.

लपायची वेळ नेमकी कशामुळे आली?

५ जुलै १९४२ रोजी सोळा वर्षांच्या मार्गोटला जर्मनीत ‘कामासाठी’ हजर होण्याचा हुकूम आला. लपण्याची जागा आधीपासून तयार होत होती. जायचं त्याच महिन्यात, पण काही दिवसांनी, असं ठरलं होतं. हुकूम आल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी, ६ जुलैला, भर पावसात ते निघाले. हातात बॅगा दिसल्या तर संशय येईल म्हणून अंगावरच कपड्यांवर कपडे चढवले होते. ज्यूंना ट्रामने जायची बंदी होती, त्यामुळे एवढं अंतर चालत जावं लागलं.

ती जागा कशी होती?

प्रिन्सनग्राख्त २६३ या पत्त्यावर ऑटोंच्या कंपनीचं कार्यालय होतं. ॲमस्टरडॅमच्या कालव्याकाठची ही घरं पुढून अरुंद आणि आत खोलवर गेलेली असतात. पुढचा भाग आणि मागचा भाग अशी जणू दोन घरं एकमेकांना जोडलेली. खाली मसाल्यांचं गोदाम, वर कार्यालय, आणि मागच्या भागात दोन मजले व पोटमाळा. तिथे आठ माणसं राहिली. मागच्या भागात जायच्या दारासमोर ऑगस्ट १९४२ मध्ये बिजागरीवर फिरणारं पुस्तकांचं कपाट बसवलं गेलं. ते तयार केलं होतं बेप व्होस्काउल या कर्मचारी तरुणीच्या वडिलांनी.

गोदामातल्या कामगारांना वर कोणी राहतंय हे माहीत नव्हतं. म्हणून कामाच्या वेळात चालायचं ते पायमोज्यांवर, बोलायचं ते कुजबुजत, आणि संडासचं पाणी सोडायचं नाही. खिडक्यांना सतत पडदे. पोटमाळ्याच्या खिडकीतून एक चेस्टनटचं झाड दिसे, त्याच्याविषयी ॲनने अनेकदा लिहिलंय. ते झाड २०१० साली वादळात कोसळलं. भिंतीवर दोन खुणा आजही जपलेल्या आहेत. एक म्हणजे ॲनने आपल्या खोलीत चिकटवलेली सिनेनट्यांची आणि इतर चित्रं. दुसरी म्हणजे मुलींची उंची मोजायला मारलेल्या पेन्सिलच्या रेघा. त्या दोन वर्षांत ॲन तेरा सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढली. कपडे तोकडे होत होते, चपला आखूड पडत होत्या, आणि नवीन आणायचे तर बाहेरच्या कुणाला तरी जीव धोक्यात घालावा लागे.

आठ जण कोण कोण होते? डायरीत नावं वेगळी का दिसतात?

फ्रँक कुटुंबातले चौघे. ऑटोंच्या व्यवसायातले सहकारी हर्मन व्हान पेल्स, त्यांची पत्नी ऑगुस्ट आणि मुलगा पीटर, हे तिघं आठवड्याभरात आले. आठवे दंतवैद्य फ्रिट्झ फेफर, नोव्हेंबर १९४२ मध्ये. डायरीत व्हान पेल्स हे ‘व्हान डान’ होतात आणि फेफर ‘डुसेल’. पुस्तक छापायचं ठरवल्यावर ॲनने स्वतः टोपणनावांची यादी केली होती.

फेफर यांच्याबद्दल थोडं थांबून सांगावंसं वाटतं. ॲनला त्यांच्यासोबत एका लहानशा खोलीत राहावं लागलं आणि त्यांच्यावर तिने फार कडक लिहिलं. ते एका किशोरवयीन मुलीचं मत आहे. त्यांची प्रिय जोडीदार बाहेर शहरातच राहत होती, आणि तिला भेटता येत नसताना ते तिला पत्रं पाठवत. पन्नाशीतला तो माणूस त्या खोलीत किती एकटा असेल, हे डायरीत फारसं उतरलेलं नाही. डायरी वाचताना ते मनात ठेवलं तर बरं.

दोन वर्षं आठ माणसांना खायला कोण घालत होतं?

कार्यालयातले चार जण: मीप गीस, बेप व्होस्काउल, व्हिक्टर कुग्लर आणि योहानेस क्लायमन. त्यांच्यासोबत मीपचे पती यान आणि बेपचे वडील. रेशनच्या काळात लपलेल्या माणसांना कार्ड नाही, म्हणजे धान्य नाही. यान यांच्या प्रतिकार चळवळीतल्या ओळखींतून कुपनं मिळत. ओळखीचा खाटीक, ओळखीचा भाजीवाला. हा भाजीवाला जाणूनबुजून जास्तीचे बटाटे देत असे, आणि मे १९४४ मध्ये त्यालाच दोन ज्यूंना घरात लपवल्याबद्दल अटक झाली. त्यानंतर लपलेल्यांच्या ताटात आणखी कमी पडू लागलं.

अन्नाइतकीच पुस्तकं महत्त्वाची होती. ग्रंथालयातून दर आठवड्याला पुस्तकं येत. बेपने स्वतःच्या नावावर पत्राद्वारे चालणारे अभ्यासक्रम मागवले, शॉर्टहँडचा आणि लॅटिनचा, आणि शिकल्या त्या आतल्या मुली. पकडले गेलो तर तुरुंग किंवा छावणी, हे या सगळ्यांना माहीत होतं. मीप गीस यांनी आयुष्यभर आपल्याला वीरांगना म्हणू नका असं सांगितलं. शंभर वर्षं जगून २०१० साली त्यांचं निधन झालं.

आपण वाचतो ती डायरी ॲनने लिहिली तशीच आहे का?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, कारण यातच ॲन लेखिका म्हणून दिसते.

२८ मार्च १९४४ रोजी संध्याकाळी लपलेली मंडळी लंडनहून प्रसारित होणारं निर्वासित डच सरकारचं रेडिओ केंद्र ऐकत होती. मंत्री खेरिट बोल्केस्टाइन बोलत होते. युद्धाचा इतिहास फक्त सरकारी कागदांवरून लिहिता येणार नाही, सामान्य माणसांच्या डायऱ्या, पत्रं जपून ठेवा, असं त्यांचं आवाहन होतं. दुसऱ्याच दिवशी ॲन लिहिते की ते ऐकून सगळ्यांच्या नजरा तिच्या डायरीकडे वळल्या. मे महिन्यात तिने निर्णय घेतला. युद्धानंतर ‘मागचं घर’ या नावाने पुस्तक काढायचं, आणि डायरी त्याचा आधार.

मग ती सुट्ट्या कागदांवर सगळं पुन्हा लिहायला बसली. दोनशेहून अधिक कागद, तेही जेमतेम अडीच महिन्यांत, रोजची डायरी चालू ठेवून. जुने मजकूर तिने गाळले, जोडले, दोन दिवसांच्या नोंदी एकत्र केल्या, प्रसंगांचा क्रम बदलला, वाचकाला माणसांची ओळख करून दिली. तेराव्या वर्षीचं आपलंच लेखन पंधराव्या वर्षी वाचून तिला काही ठिकाणी लाज वाटली आणि तिने ते निर्दयपणे कापलं. पुनर्लेखन मार्च १९४४ च्या नोंदींपर्यंत पोहोचलं होतं. तेवढ्यात अटक झाली.

म्हणून आज तीन मजकूर मानले जातात. पहिला, मूळ वह्यांमधला. दुसरा, तिने सुट्ट्या कागदांवर घडवलेला. तिसरा, वडिलांनी या दोन्हींमधून निवडून १९४७ मध्ये छापलेला. यातली एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते: १९४३ या वर्षाची मूळ वही हरवली आहे. त्या वर्षाबद्दल आपण जे काही वाचतो ते सगळं ॲनने वर्षभरानंतर पुन्हा लिहिलेलं आहे. पोटमाळ्यावर बसून सहज उतरलेले उद्गार म्हणून आपण ज्या ओळींवर हळवे होतो, त्यातल्या कितीतरी ओळी विचार करून बसवलेल्या आहेत. याने त्यांचं मोल कमी होत नाही, वाढतं. वाचक डोळ्यांसमोर ठेवून पुन्हा लिहिणं हे लेखकाचं काम आहे, आणि ते ती करत होती.

डायरीखेरीज तिने गोष्टी लिहिल्या, एक कादंबरी अर्धवट राहिली, आणि वाचनात आवडलेले उतारे उतरवून ठेवायची एक वेगळी वही होती. मार्गोटही डायरी लिहीत असे. ती कधीच सापडली नाही.

वडिलांनी काही भाग गाळला, हे खरं का?

खरं आहे. ॲनने आपल्या शरीराबद्दल, लैंगिक कुतूहलाबद्दल लिहिलेले काही भाग, आईबद्दलचे तिखट उल्लेख आणि सोबत राहणाऱ्यांवरची काही टीका पहिल्या आवृत्तीत नव्हती. उलट, पीटरबद्दलच्या प्रेमाच्या ज्या नोंदी ॲनला नव्या मजकुरात नको होत्या, त्यातल्या काही ऑटोंनी ठेवल्या. १९४७ च्या डच समाजात, ज्यांची माणसं नुकतीच मारली गेली होती अशा घरांचा विचार करता, त्यांची काटछाट समजण्यासारखी आहे. पत्नीबद्दल मुलीने लिहिलेलं वाचून त्यांना काय वाटलं असेल, हाही विचार करावा.

१९८६ मध्ये नेदरलँड्सच्या युद्धविषयक संशोधन संस्थेने तिन्ही मजकूर शेजारी शेजारी छापले, आणि १९९१ पासून अधिक भरीव वाचकांची आवृत्ती मिळू लागली. १९९८ मध्ये ऑटोंनी बाजूला ठेवलेली पाच पानं पुढे आली. २०१८ मध्ये तपकिरी कागद चिकटवून झाकलेली दोन पानं संशोधकांनी वाचली. त्यात काही चावट विनोद होते आणि मुलगी वयात येणं, लैंगिक संबंध याविषयीच्या तीसेक ओळी.

‘माणसं मनाने चांगलीच असतात’ असं तिने म्हटलंय ना?

म्हटलंय, १५ जुलै १९४४ च्या नोंदीत. पण ते वाक्य एकटं काढून पोस्टरवर छापलं की त्याचा जीव जातो. त्याच परिच्छेदात ती म्हणते की जगाचं हळूहळू वाळवंट होताना दिसतंय, आपल्यालाही संपवणारी गर्जना जवळ येताना ऐकू येतेय, लाखोंचं दुःख जाणवतंय. आणि मे महिन्यात तिने लिहिलेलं आहे की युद्धाचा दोष केवळ राज्यकर्त्यांचा आणि धनिकांचा नाही, साध्या माणसाचाही आहे, माणसात विध्वंसाची ओढ असतेच. ही मुलगी भोळी नव्हती. तिची आशा सगळं दिसत असताना धरलेली होती. शिवाय हे वाक्य लिहिलं तेव्हा तिने छावणी पाहिली नव्हती.

डायरीत भारताचा उल्लेख आहे का?

आहे. २७ फेब्रुवारी १९४३ च्या नोंदीत गांधीजी पुन्हा एकदा उपोषण करत असल्याचं ती लिहिते. ते उपोषण म्हणजे पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना गांधीजींनी १० फेब्रुवारी ते ३ मार्च असं केलेलं एकवीस दिवसांचं उपोषण. पुण्यातली ती बातमी रेडिओमार्फत ॲमस्टरडॅमच्या त्या कोंडलेल्या घरात पोहोचली होती.

त्याच नोंदीत तिने एक थरारक प्रसंग सांगितलाय. इमारत मालकाने कुणालाही न सांगता विकली आणि नवा मालक वास्तुतज्ज्ञाला घेऊन पाहणीला आला. क्लायमन यांनी मागच्या भागाची किल्ली घरी विसरल्याचं सांगून वेळ मारून नेली. आता लक्षात घ्या, ही नोंद १९४३ ची, म्हणजे आपल्यापुढे आहे तो ॲनने पुन्हा लिहिलेला मजकूर. वर्षभराने काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरवताना गांधीजींचं उपोषण तिने ठेवलं. जगाच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय हे आपल्या पुस्तकात असावं असं तिला वाटलं.

अटक कशी झाली? कोणी चुगली केली?

४ ऑगस्ट १९४४, शुक्रवार, सकाळची वेळ. कार्ल झिल्बरबाउअर हा नाझींच्या एसएस या सशस्त्र दलातला ऑस्ट्रियन अधिकारी डच पोलिसांना घेऊन आला. आठ जणांसह कुग्लर आणि क्लायमन यांनाही नेलं. ऑटोंनी नंतर सांगितलं की आपण जर्मन सैन्यात अधिकारी होतो हे कळल्यावर त्याने सामान आवरायला थोडा वेळ दिला. दागिने आणि पैसे भरायला त्याने एक ब्रीफकेस रिकामी केली. त्यातून जमिनीवर जे कागद पडले ती ॲनची डायरी होती.

कोणी कळवलं, याचा पुरावा आजवर मिळालेला नाही. डच पोलिसांनी दोनदा तपास केला, गोदामातल्या एका कामगारावर बराच काळ संशय राहिला, पण काही सिद्ध झालं नाही. ॲन फ्रँक हाउसच्या संशोधकांनी २०१६ मध्ये वेगळी शक्यता मांडली. पोलीस रेशन कुपनांच्या बेकायदा व्यवहारासाठी आले असावेत आणि लपलेली माणसं त्यांना योगायोगाने सापडली असावीत. २०२२ मध्ये एका तपास पथकाने एका ज्यू नोटरीचं नाव जाहीर केलं आणि जगभर मथळे झाले. काही आठवड्यांतच डच इतिहासकारांनी तो युक्तिवाद खोडून काढला आणि डच प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं. त्या नोटरीचं नाव इथे देत नाही, कारण दुबळ्या पुराव्यावर मेलेल्या माणसावर एवढा मोठा आरोप ठेवणं अन्यायाचं आहे. आणि कुणा एका चुगलखोराचा शोध घेताना अटक करणारी, आगगाड्या भरणारी, छावण्या चालवणारी अख्खी यंत्रणा नजरेआड होते.

अटकेनंतर त्यांचं काय झालं?

आधी तुरुंग, मग नेदरलँड्समधलीच वेस्टरबोर्क छावणी. तिथे त्यांना ‘गुन्हेगार’ कैद्यांच्या बराकीत ठेवलं, कारण ते स्वतःहून हजर न होता लपले होते. कामाला जुन्या बॅटऱ्या फोडायला लावलं. ३ सप्टेंबर १९४४ रोजी हजाराहून अधिक माणसांना घेऊन एक गाडी जर्मनव्याप्त पोलंडमधल्या ऑश्विट्झ या संहारछावणीकडे निघाली. वेस्टरबोर्कहून ऑश्विट्झला गेलेली ती शेवटची गाडी. दोस्त सैन्यं तेव्हा बेल्जियममध्ये शिरली होती.

ऑश्विट्झला उतरताच पुरुष आणि बायका वेगळे केले. ऑटोंनी बायकोमुलींना पाहिलं ते तिथेच शेवटचं. शरद ऋतूच्या अखेरीस ॲन आणि मार्गोट यांना बर्गन-बेल्सनला हलवलं, आई मागे राहिली आणि ६ जानेवारी १९४५ रोजी तिचा मृत्यू झाला. बर्गन-बेल्सनमध्ये गॅस चेंबर नव्हते. उपासमार, थंडी, घाण आणि टायफस हा उवांमुळे पसरणारा साथीचा ताप यांनी माणसं मेली. तिथे ॲनची बालमैत्रीण हाना गोस्लार छावणीच्या दुसऱ्या भागात होती. कुंपणापलीकडून दोघी अंधारात बोलल्या, आणि हानाने खाण्याचं एक गाठोडं पलीकडे फेकलं. ते दुसऱ्याच कुणी बाईने उचललं. ॲन रडत असल्याचं हानाने नंतर सांगितलं. मग तिने दुसऱ्यांदा फेकलं आणि ते ॲनच्या हाती लागलं.

आधी मार्गोट गेली, मग ॲन. मृत्यूची नेमकी तारीख कुठेही नोंदलेली नाही. पूर्वी मार्च १९४५ ची अखेर धरली जाई. साक्षी आणि टायफसचा काळ ताडून पाहिल्यावर आता फेब्रुवारी अधिक संभवतो. ब्रिटिश सैन्य १५ एप्रिलला पोहोचलं. आठांपैकी फक्त ऑटो वाचले.

नेदरलँड्समधल्या किती ज्यूंची अशी गत झाली?

सुमारे १,४०,००० पैकी एक लाखाहून अधिक मारले गेले, म्हणजे जवळपास चारांत तीन. पश्चिम युरोपात हे प्रमाण सर्वाधिक. नागरिकांच्या नोंदी अतिशय नेटक्या होत्या, प्रशासनाने हुकूम पाळले, सपाट आणि दाट वस्तीच्या देशात लपायला जंगल-डोंगर नव्हते.

डायरी टिकली कशी आणि छापली कशी गेली?

अटकेनंतर मीप आणि बेप मागच्या घरात गेल्या आणि जमिनीवरचे कागद गोळा केले. ॲन परत आल्यावर द्यायचे म्हणून मीपने ते न वाचता खणात ठेवले. वाचले असते तर जाळून टाकावे लागले असते, कारण त्यात मदत करणाऱ्यांची नावं होती, असं त्या पुढे म्हणत. ऑटो जून १९४५ मध्ये परतले. मुली गेल्याचं जुलैमध्ये नक्की झालं आणि मीपने ते कागद त्यांच्या हाती दिले. आपली मुलगी आतून अशी होती हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं ऑटोंनी नंतर मोकळेपणाने सांगितलं.

त्यांनी मजकूर टाइप करून जवळच्यांना दिला. प्रकाशक मिळेनात. एप्रिल १९४६ मध्ये इतिहासकार यान रोमाइन यांनी ‘हेट पारोल’ या दैनिकाच्या पहिल्या पानावर या डायरीवर लेख लिहिला आणि मार्ग मोकळा झाला. २५ जून १९४७ रोजी तीन हजारांच्या आसपास प्रतींची पहिली आवृत्ती निघाली. १९५० मध्ये जर्मन व फ्रेंच, १९५२ मध्ये इंग्रजी भाषांतर आलं. २००९ मध्ये युनेस्कोने हस्तलिखिताची जागतिक स्मृती वारशात नोंद केली.

डायरी बनावट आहे, बॉलपेनने लिहिलेली आहे, असे मेसेज फिरतात. त्यात तथ्य आहे का?

नाही. वह्या आणि सुटे कागद यांची शाई, कागद, डिंक आणि हस्ताक्षर डच सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेने तपासलं आणि सगळं युद्धकाळातलं व ॲनचंच ठरलं. बॉलपेनचा मजकूर होता तो दोन चिटोऱ्यांवर, जे नंतरच्या तपासणीत कुणी हस्ताक्षरतज्ज्ञाने कागदांत ठेवले होते. डायरीत तसं काही नाही. ऑटोंनी हयातीत जर्मन न्यायालयांत अशा आरोपांविरुद्ध लढा दिला. हे आरोप पसरवणाऱ्यांचा रोख डायरीवर नसतो, ज्यूंचा संहार झालाच नाही असं त्यांना सुचवायचं असतं. असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका आणि पाठवणाऱ्याला वरची माहिती द्या.

ते घर पाहता येतं का?

येतं. पाडायला निघालेली ती इमारत वाचवली गेली आणि ३ मे १९६० पासून तिथे संग्रहालय आहे. तिकिटं फक्त ऑनलाइन, ठरावीक वेळेची, आणि ती फार आधी संपतात, त्यामुळे युरोपच्या सहलीत शेवटच्या दिवशी बघू असं म्हणून चालत नाही. आत फोटो काढायची परवानगी नाही. मागच्या घराच्या खोल्या रिकाम्या आहेत. अटकेनंतर जर्मनांनी सामान उचलून नेलं होतं, आणि ऑटोंच्या इच्छेनुसार त्या तशाच ठेवल्या आहेत.

आपल्याकडे ज्यू होते का? त्यांच्यावर असा प्रसंग आला का?

कोकणातले बेने इस्रायली शतकानुशतकं इथेच आहेत. अलिबाग, नवगाव, पेण परिसरातली त्यांची गावं, तेलघाण्याचा व्यवसाय, शनिवारी काम बंद म्हणून पडलेलं ‘शनिवार तेली’ हे नाव, आणि घरची भाषा मराठी. त्यांनी मराठीत कीर्तनंही रचली. शेजाऱ्यांनी त्यांचा छळ केला असा इतिहास इथे नाही. हिटलरच्या काळात युरोपातून पळालेले काही ज्यू मुंबईला आले, तेव्हा त्यांच्या मदतीला मुंबईत समिती उभी राहिली होती.

मुलांना डायरी कोणत्या वयात द्यावी?

सीबीएसईच्या दहावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात डायरीतला उतारा आहे. वर्गात बडबड केल्याबद्दल गणिताच्या मास्तरांनी तिला निबंध लिहायची शिक्षा दिली, तो प्रसंग. पण तेवढ्यावर ॲन म्हणजे एक चुणचुणीत मुलगी एवढंच मनात राहतं. माझ्या मते बाराव्या-तेराव्या वर्षी पूर्ण डायरी हातात द्यावी, आणि ती पाळीबद्दल, शरीराबद्दल, आईवरच्या रागाबद्दल लिहिते ती पानं वगळू नयेत. त्या वयाच्या मुलीला ॲन आपली वाटते ती त्याच पानांमुळे. आवृत्ती निवडताना संपूर्ण मजकुराची आहे ना, हे आधी पाहा, संक्षिप्त आवृत्त्या बाजारात पुष्कळ आहेत. डायरी १ ऑगस्ट १९४४ ला एकदम थांबते, म्हणून पुढचं काय झालं ते मोठ्यांनी शेजारी बसून सांगायला हवं.

अशा आणखी कोणाच्या डायऱ्या आहेत?

पुष्कळ. प्रागचा पेत्र गिंझ डायरी लिहीत असे, चित्रं काढत असे. ज्यूंना कोंडून ठेवलेल्या टेरेझिन वस्तीत तो मुलांचं गुप्त साप्ताहिक संपादित करायचा. सोळाव्या वर्षी ऑश्विट्झमध्ये मारला गेला. चंद्रावरून पृथ्वी कशी दिसेल याचं त्याने चित्र काढलं होतं, त्याची प्रत इस्रायली अंतराळवीर इलान रामोन यांनी कोलंबिया यानातून नेली होती. त्याच यानात कल्पना चावला होत्या. यान कोसळल्यानंतर चित्राची बातमी प्रसिद्ध झाली आणि प्रागमधल्या एका घरात पडून असलेल्या पेत्रच्या वह्या उजेडात आल्या. पोलंडमधल्या बेंजिनच्या चौदा वर्षांच्या रुत्का लास्किएरची वही तिच्या ख्रिस्ती मैत्रिणीने साठ वर्षांहून अधिक काळ जपली, २००६ मध्ये ती छापली गेली.

ॲननंतर एकच वाचायची असेल तर पोलंडमधल्याच लोड्झ शहरातल्या, ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतल्या डाविड सिएराकोव्हिआकच्या वह्या वाचा. डाविड ॲनसारखाच हुशार, पुस्तकांचा वेडा. पण त्याच्याकडे फिरतं कपाट नव्हतं, बाहेरून भाजी आणणारी मीप नव्हती. पानापानावर पावाच्या वाट्याचा हिशोब आहे, आणि त्या वाट्यावरून वडिलांशी होणारी भांडणं आहेत. सप्टेंबर १९४२ मध्ये आईला उचलून नेलं तो दिवस त्याने तास न् तास नोंदवलाय. एकोणिसाव्या वर्षी, ऑगस्ट १९४३ मध्ये, तो त्या वस्तीतच उपासमारीने आणि आजाराने गेला. त्याच्या पाच वह्या उरल्या आहेत, बाकीच्या हरवल्या.